पाहुण्यांसाठी वेगळं

चार वाजून सात मिनिटं झाली आणि दिवा लुकलुकू लागला. टीव्हीच्या कपाटावर ठेवलेल्या त्या पांढऱ्या डबीला एका ओळीत पाच दिवे, त्यांतला हा चौथा, तांदळाच्या कणीएवढा, हिरवा. एरवी कसा शांत, डोळा उघडा ठेवून झोपल्यासारखा. आणि आता घाईघाईनं, मधेच अडखळत, पुन्हा घाईनं... विनयाचे मटार सोलणारे हात थांबले. लॅपटॉप मिटलेला होता. चंद्रहास ऑफिसात. म्हणजे इंटरनेट वापरणारं घरात कुणीच नव्हतं, आणि तरी ते वापरलं जात होतं.

गेले दोन महिने ती हे बघत होती. पहिल्यांदा वाटलं डबी बिघडली असेल. मग वेळ ध्यानात यायला लागली — चारच्या पुढेमागे सुरू, तासाभरानं बंद, कधी मात्र दिवेलागण होईपर्यंत चालूच. तिनं चंद्रहासला सांगितलं नव्हतं. का नाही? सांगण्यासारखं काय होतं त्यात, एक दिवा लुकलुकतो... पण खरं तर पावणेचारलाच चहा घेऊन ती या खुर्चीत येऊन बसायची, आणि दिवा वेळेवर लागला नाही तर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. हे मी कुणाला सांगितलं असतं तर हसले असते मला. बावन्न वर्षांची बाई, एका दिव्याची वाट बघते.

आज मात्र वाट बघण्यात टोचणी होती. सकाळी बूट घालता घालता चंद्रहास म्हणाला होता, "आपलं वायफाय उघडं आहे म्हणे. काल सोसायटीच्या सभेत विषय निघाला. कुणाच्या तरी उघड्या वायफायवरून कुणी धमकीची मेल पाठवली आणि पोलीस आले मालकाच्या दारात. आज पासवर्ड टाकून टाक बाई."

"आजच?"

"आजच. सिद्धेशनं सगळं लिहून दिलंय ना? आणि तारांचं काम म्हणजे तुझं खातं." जिन्यावरून उतरतानाही तो हसत होता.

तारांचं कसलं. इथं तर तारच नव्हती. सिद्धेश दिवाळीला बेंगळुरूहून ही डबी घेऊन आला, जुना लॅपटॉप आईला दिला, कागदावर पायऱ्या लिहून दिल्या, एक, दोन, तीन — आणि परत गेला. एकवीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डासमोर बसून विनयानं दोऱ्या भोकांत खुपसल्या होत्या. एका टोकाला वसई, दुसऱ्या टोकाला सांगली, नाशिक, कुठलंही. दोरी खुपसली की दोन माणसं जोडली जात, ओढली की तुटत. हातात काहीतरी असायचं. आता हे हवेतलं... भिंतीतून आरपार जाणारं, कुणाच्या घरात शिरतंय याचा पत्ता नसलेलं. पण शिकायला तिला आवडत होतं. मटारची परात बाजूला सारून तिनं लॅपटॉप उघडला आणि कागदावरच्या पायऱ्यांनी डबीच्या पानावर पोचली.

त्या पानावर एक यादी होती, आत्ता कोण कोण जोडलेलं आहे त्याची. पहिलं नाव सिद्धेशच्या लॅपटॉपचं, म्हणजे तिचंच. दुसरं — CELINE.

सेलिन.

एखादा आकडा असेल, कुठल्या कंपनीचं अगम्य नाव असेल असं तिनं धरलं होतं. हे तर माणसाचं नाव. बाईचं. दोन महिने जिच्यासोबत ती चहा पीत होती ती सेलिन. ऑपरेटरकडे नुसती नावं येतात, चेहरे नाहीत, त्याची तिला सवय होती. पण या नावाकडे ती बघत राहिली आणि इथून मान वळवली तर दिसेल अशा जागी ती बाई बसलीय असं तिला उगाच वाटलं.

खाली आणखी एक चौकोन होता. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क. तिनं तो मजकूर दोनदा वाचला. पाहुण्यांना इंटरनेट वापरता येईल. घरातली यंत्रं, घरातल्या फायली त्यांना दिसणार नाहीत. म्हणजे ओटी, तिला वाटलं. आजोळी होती तशी — आलेल्याला ओटीवर बसवायचं, गूळपाणी द्यायचं, हवं नको बघायचं, पण माजघराचा उंबरा त्यानं ओलांडायचा नाही. कुणी ठरवलं असेल हे, कुठल्या देशातल्या कुठल्या माणसानं, आणि त्याच्या घरी कोण येत असेल...

पण आधी चंद्रहासनं सांगितलेलं. कागदावरची सातवी पायरी. घरच्या नेटवर्कला पासवर्ड टाकला, बटण दाबलं. डबीवरचे पाचही दिवे विझले, एकेक करून परत लागले. चौथा लागला तो स्थिर. यादीत आता एकच नाव.

वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग काही नाही.

आणि त्या काही-नाहीमध्ये ते वर आलं, जे इतक्या वर्षांत कितीदा वर येऊन पुन्हा बुडालं होतं. शहाऐंशी साल, दुपारचीच वेळ. वसईच्या बाजारातल्या बूथवरून एका माणसानं कोल्हापूरचा कॉल लावला होता. तिनं जोडून दिला. कॉल ऐकायचा नाही असा नियम, फक्त लाईन जिवंत आहे ना एवढं बघायचं. म्हणून दीड मिनिटानं तिनं ऐकायची कळ वर केली. कानात काही नाही. बारीक घुं घुं, तारेची असते तशी. तिनं वाट बघितली, आणखी वाट बघितली, मग लाईन रिकामी आहे असं धरून दोरी ओढली — बोर्डावर दुसरे सात दिवे लागलेले होते, ती तरी काय करणार? दोन मिनिटांनी त्याच बूथवरून तोच माणूस. चिडला नव्हता. आवाज अगदी सपाट. "बाई," तो म्हणाला, "आम्ही बोलत होतो."

तिनं पुन्हा कोल्हापूर लावलं. कुणी उचललं नाही.

कोण होती ती दोघं... नवराबायको, बापलेक, की ज्यांना काही नावच नाही असं काही... हे तिला कधी कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. पण तेव्हापासून कानात शांतता आली की तिचा हात दोरीपाशी थांबायचा, आणि बोर्डावरच्या मुली म्हणायच्या, विनयाताई, ओढा की, झोपलात काय.

तिनं परत तो चौकोन उघडला. खूण केली. नेटवर्कचं नाव काय द्यायचं? Pahune. पासवर्ड आठ अक्षरांचा तरी हवा; बोर्डावर ती बेचाळीस नंबरची होती, म्हणून operator42. मग लॅपटॉप उघडाच ठेवून, तबकासारखा दोन्ही हातांवर घेऊन, चपला सरकवून ती दाराबाहेर पडली. आपण काय करतोय हे जिन्यावर आल्यावर तिला कळलं. तोपर्यंत तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या, वायफायचा जोर दाखवणाऱ्या पाच रेघांवर खिळली होती — तळमजल्याकडे चार पायऱ्या उतरलं की एक रेघ कमी, वर चढलं की परत येते, लिफ्टच्या जाळीपाशी दोन गळतात, चौथ्या मजल्यावर डावीकडे काहीच नाही, आणि उजवीकडच्या दाराशी पाचही. आपलं घर कुठपर्यंत पसरलंय हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. भिंती कुठे आहेत एवढंच माहीत होतं.

दारावर पुठ्ठ्याची पाटी होती. निकोलस तुस्कानो. खाली, दुसऱ्या पेनानं : सौ. सेलिन.

तिनं बेल वाजवली.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका काटक म्हाताऱ्यानं. हातात चष्म्याचं फडकं. तो तिच्या हातातल्या लॅपटॉपकडे बघून एकदम म्हणाला, "तुमी इंटरनेटवाल्या काय? बरं झालं आलात. विनी दिसत होती, बोलता बोलता थांबली. मी काच पुसून बघितली."

"मी खालच्या मजल्यावरची. विनया."

"या, या. पानी घेता?"

खोलीत औषधांचा आणि धुतलेल्या चादरींचा वास होता. खिडकीजवळच्या पलंगावर, पाठीला तीन उशा लावून, एक बाई बसली होती. चेहऱ्याची एक बाजू किंचित खाली ओघळलेली. समोर स्टुलावर कॉम्प्युटर. तिनं विनयाकडे बघितलं, किंवा बघितलं नाही. नजर पुन्हा काळ्या पडद्याकडे गेली.

ती बोलत नाही, म्हाताऱ्यानं सांगितलं. पावसाच्या आधी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून वाचा गेली. भुईगावची वाडी भावाकडे सोपवून दोघं इथं विरारला आली, डॉक्टर जवळ म्हणून. मुलगी, विनी, मस्कतला नर्स आहे. रजेवर आली तेव्हा तिनंच हे आईच्या नावानं लावून दिलं. रोज चारला ती दिसते.

"आणि इंटरनेट कुणाचं घेतलंत?" विचारल्यावर विनयाला आपलाच आवाज ऑपरेटरचा वाटला.

"कुनाचं म्हंजे? विनी म्हणाली, इथं येतंच आहे." त्यानं हातानं हवेकडे दाखवलं. मग तिच्या हातातल्या लॅपटॉपकडे, मग जमिनीकडे, खालच्या मजल्याच्या दिशेनं बघितलं. फडकं त्याच्या मुठीत गोळा झालं. "म्हंजे... आमी तुमचं घेत होतो? न विचारता?"

तो माणूस तिच्या डोळ्यांदेखत लहान होत गेला. वाडीत उभं आयुष्य काढलेला माणूस, कुणाच्या बांधावरचं लिंबूही न विचारता तोडलं नसेल यानं.

"नाही हो," विनया म्हणाली, आणि हे बोलेपर्यंत आपण हे बोलणार आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. "पाहुण्यांसाठी वेगळं ठेवलेलंच आहे आमच्याकडे. आज नाव बदललं, म्हणून जोडून द्यायला आले."

त्यानं मुठीतलं फडकं उलगडून त्याची घडी केली. त्याला पटलं की नाही कळायला मार्ग नव्हता. "पाव्हनं केलंत आमाला," तो हळूच म्हणाला, आणि त्यात आभार होते की दुसरं काही, तेही कळलं नाही.

तिनं स्टुलासमोर बसून Pahune निवडलं, पासवर्ड घातला. थोड्या वेळानं घंटी वाजली आणि पडद्यावर पस्तिशीची एक मुलगी आली, नर्सच्या कपड्यात, केस ओले. "आय! काय झालं गं, गेलीस कुठं?" — आणि मग विनया दिसल्यावर गप्प. बापानं त्यांच्या घरच्या बोलीत भराभर काही सांगितलं. विनयाला त्यातलं निम्मं कळलं. मुलगी खाली बघत होती.

"काकी, मला माहीत होतं," ती म्हणाली. "उघडं दिसलं म्हणून जोडलं. विचारायला यायचं होतं, पण दुसऱ्याच दिवशी विमान होतं. सॉरी हं."

"असू दे," विनया उठली. "तुम्ही बोला."

पण म्हाताऱ्यानं तिला हातानंच बसवलं. ती भिंतीकडच्या खुर्चीत बसली, नजर खिडकीबाहेर, समोरच्या गच्चीवरच्या टाक्यांकडे... न ऐकण्याची जुनी सवय. ऐकू येतच होतं. विनी काय जेवली ते सांगत होती, वॉर्डातल्या कुणा ओमानी आजीचं सांगत होती, मासळी इथं मिळते पण तिला चव नाही. मग सांगायचं संपलं. पडदा चालूच राहिला. विनीनं हात उशाला घेतला, डोळे मिटले.

"रातपाळी असते तिला," म्हातारा कुजबुजला. "जायच्या आधी अशीच झोपते घटकाभर. बंद करत नाय."

विनयानं तेव्हा मान वळवली. सेलिनबाई झोपलेल्या मुलीकडे बघत होती. तिचा उजवा अंगठा चादरीच्या काठावर हळूहळू फिरत होता, पुढे, मागे, पुढे, थोपटल्यासारखा. खोलीत कुणी काही बोलत नव्हतं. खालच्या मजल्यावर आत्ता तो दिवा लुकलुकत असेल. दोन महिने ती त्याच्याकडे बघून कसल्या कसल्या गप्पा कल्पत आली होती, हसणं, भांडण, कुणाचं प्रेमही. आणि दिवेलागणीपर्यंत तो लांबला तेव्हा तर हे, हेच चालू होतं.

निघताना तिनं सेलिनबाईंना नमस्कार केला. अंगठा थांबला नाही.

घरी आली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. लॅपटॉपवर ते यादीचं पान उघडंच होतं, पाहुण्यांच्या रकान्यात नाव असेल. तिनं न बघता तो मिटला. बघणं आता निराळं झालं होतं. काल ते नुसतं कुतूहल होतं, आज दाराच्या फटीला डोळा लावल्यासारखं झालं असतं. डबीकडे तिनं पाठ केली, आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत न बसता दाराजवळच्या वेताच्या खुर्चीच्या कडेवर टेकली. आलेले गेलेले बसतात ती खुर्ची. इथून हे घर तिनं कधी बघितलंच नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराचा एवढाच तुकडा दिसतो इथून? कपाटाच्या बाजूला रंग उडालाय... अठ्ठावीस वर्षं मी जिथं वावरते तिथं कोण राहतं असं वाटत असेल इथं बसलेल्याला? कसली माणसं असतील? बोलतात का एकमेकांशी?

साडेसातला कुलपात किल्ली फिरली. चंद्रहास आत आला, पिशवी ठेवली, तिला बघून थबकला.

"झालं का ते पासवर्डचं?"

"झालं. पाहुण्यांसाठी वेगळंही केलं."

"आपल्याकडे कोण येतंय पाहुणं?"

ती त्याच्याकडे बघत होती. दारात उभा हा माणूस, एका हातानं भिंतीचा आधार घेऊन बूट काढणारा. डावा आधी काढतो. हे तिला माहीत होतं का? दिवसभर कुठे असतो, जेवताना शेजारी कोण बसतं, गाडीत खिडकीबाहेर बघताना याच्या मनात काय येतं... विचारायचं होतं, आणि विचारायची घाई मुळीच नव्हती.

"अशी दारात काय बसलीस?" त्यानं विचारलं.

"बस ना जरा," विनया म्हणाली, आणि तो कुठे बसतो ते बघत राहिली.