पाठच्या बाजूचं पाखरू

मशीनबाईला सकाळपासून एका जागी उभं राहवेना. देशाचा नवा झेंडा आज चढणार होता, तोही तिनं शिवलेला. खरं तर बाईनं मिरवायचं, पण तिचा जीव टांगणीला लागला होता. शेजारी नवरा उभा. शिलाई मशीन तिच्याकडे, दुकानातली इस्त्री त्याच्याकडे. दिवसाकाठी चार शब्द बोलेल तर शपथ, म्हणून गल्लीनं त्याला घुम्या म्हणायचं ठरवून टाकलेलं.

"अहो, दुसऱ्या वेळी मी साचा पालथा घातला होता ना?"

घुम्या काठीकडे बघत राहिला. भिंतीला विचारलेलं परवडलं.

जुन्या झेंड्यावर तलवार होती. ती शेवटी घरच्याच माणसांवर चालली आणि लोक देश सोडून वाट फुटेल तिकडे पांगले. लढाई मिटली तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, तलवार नको, पाखरू हवं. निळ्यावर पांढरं, तोंड काठीकडे, म्हणजे घरी परतणारं. झेंडा दुहेरी कापडाचा. दोन्ही बाजू वेगळ्या शिवायच्या आणि मग पाठीला पाठ लावून जोडायच्या. म्हणून दुसरं पाखरू कापताना पुठ्ठ्याचा साचा पालथा घालायचा, नाहीतर मागच्या बाजूचं पाखरू काठीकडे पाठ करून पळत सुटणार. शेंबड्या पोराला कळेल इतकी साधी गोष्ट.

पण नेमका त्याच वेळी मुलाचा फोन आला होता. एकुलता एक, लढाईत परदेशी निघून गेलेला. झेंडा चढेल त्या दिवशी मी येतो, असं तोच म्हणाला होता. "आई, नाही जमणार गं. आता इकडेच राहायचं ठरवलंय." तिनं "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि कात्री उचलली. डोळ्यांना धार लागलेली, हात सवयीनं चाललेले. झेंडा घडी होऊन सरकारी साहेबांकडे गेला, तेव्हा कुठे मनात पाल चुकचुकली; साचा कसा ठेवला, ते काही केल्या आठवत नव्हतं.

बँड वाजला. दोरी ओढली, घडी सुटली, झेंडा फडफडला. पाखरू काठीकडे! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाई मात्र "सरका, सरका हो," करत गर्दीतून मागच्या बाजूला धावली.

तिथून पाखरू निघून चाललं होतं. काठीकडे पाठ फिरवून, खुशाल.

"मेले मी!" घुम्या मागोमाग आला होता. "बघा! तोंड दाखवायला जागा राहिली नाही, अहो!"

"मला माहीत होतं."

"काय?"

"इस्त्री करताना दिसलं."

"आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

"सांगितलं असतं तर तू उसवलं असतंस." त्यानं वर झेंड्याकडे बोट केलं. "गेला तो काय या देशाचा नाही? म्हटलं, एक दिवस त्याचंही पाखरू वर राहू दे."

एवढं एका दमात तो लग्नानंतर पहिल्यांदाच बोलला असेल. त्याला फाडून खायचं तिनं ठरवलं होतं, आणि ती त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून भर गर्दीत हुंदके देऊन रडली.

दुपारी साहेबांच्या लक्षात आलंच. झेंडा उतरवून तिच्याकडे पाठवला, आणि सोबत उद्या सकाळपर्यंत नीट करून द्यायची ताकीद. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. दुकानात येऊन पाखरू उसवलं, आणि साचा नीट पालथा घालून, पुन्हा पुन्हा बघून नवं कापलं. उसवलेलं टेबलावर पडून होतं. घुम्यानं त्याच्यावर हळूच इस्त्री फिरवली.

"पोराला पाठवू," तो म्हणाला.

"कशाला? गेलास ते फार छान केलंस, असं सांगायला?" तिनं रागानं ते ओढून घेतलं. चोळामोळा करायला गेली, तसं हातात उलटं झालं. कापड दोन्हीकडून सारखंच. पालथं झालेलं पाखरू आता दाराकडून आत, मशीनकडे तोंड करून होतं. तिनं चुरगळलेल्या कडा बोटांनी सरळ केल्या.

"पाठवा," ती म्हणाली. "आणि फोन करून सांगा त्याला. नवं कापायला लागत नाही म्हणावं. हेच नुसतं पालथं घातलं की घराकडे तोंड होतं."

"तू सांग की. बोलणारी तू."

"माझ्यानं नाही बोलवणार, अहो."

घुम्यानं इस्त्री बाजूला ठेवली आणि फोन उचलला.