चार बोटं उसवायचं, चार बोटं शिवायचं

राजारामपुरीतलं वीरभद्र आप्पांचं गाड्यांच्या कुशनचं दुकान १९९९च्या दिवाळीनंतर बंद व्हायचं होतं. आप्पांना सुईतला दोरा दिसेनासा झाला होता. एसटीडी बूथसाठी गाळा मागणारा गणपती रोज चक्कर मारायचा. आप्पांची मुलगी विद्याश्री म्हणायची, दुकान मी चालवते. आप्पांचं उत्तर ठरलेलं: "सीट शिवतीस, मान्य. हूड करून दाव, मग बोल."

कागलचा मल्लेश आपली जुनी उघडी मोटार घेऊन आला. तिच्या हूडची, म्हणजे कापडी छताची, मागची काच, खरं तर पारदर्शक प्लास्टिक, पिवळी पडून तडकली होती. आरशात मागचं काहीच दिसत नव्हतं.

"दुसरीकडं समदा हूडच बदला म्हणत्यात," मल्लेश म्हणाला. "कापड तर चांगलं हाय की."

"काच कापून काढ, हूड उतरव, मशीनवर घे," आप्पांनी मुलीला सांगितलं.

विद्याश्रीनं शिवणीवरून नख फिरवलं. "नको आप्पा. मशीननं शेजारी नवी भोकं पाडली तर कापड तिकिटागत फाटंल. काच आधी काढली तर हूड आकसंल. तो गाडीवर ताणलेलाच ऱ्हाऊ दे. चार बोटं उसवायचं, चार बोटं शिवायचं. जुन्याच भोकांतनं, हातानं, चपला शिवायच्या आरीनं."

"चपलंचं दुकान काढताय व्हय?" गणपतीनं दारातून विचारलं.

"बसा पावणं. बूथला अजून येळ हाय," विद्याश्री म्हणाली.

जुन्या काचेवर नवं प्लास्टिक लावून ती मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसली. आप्पा बाहेर उभे राहिले. ती आतून आरी टोचायची, आप्पा बोटांनी टोक चाचपून मेणाचा दोरा आत सारायचे. खालच्या कोपऱ्यात नव्या प्लास्टिकला चुणी पडली.

"चालतंय की," मल्लेश म्हणाला.

"न्हाय चालत." तिनं तेवढं उसवलं, गाडी उन्हात लावली आणि प्लास्टिक मऊ झाल्यावर ओढून पुन्हा शिवलं. शेवटचा टाका बसला, तेव्हा जुनी काच आपसूक सुटून तिच्या मांडीवर पडली.

आप्पांनी पाइपनं पाणी सोडलं. आत थेंब आला नाही. मल्लेशनं आरसा नीट केला.

"गणपतराव दिसत्यात की. मिशीसकट."

आप्पांनी शिवणीवरून एकदा बोट फिरवलं. "गणपतराव, दुसरा गाळा बघा. ह्यो दिला."

"कुणाला?"

आप्पांनी किल्ल्या विद्याश्रीपुढं धरल्या. तिचे हात मेणानं चिकट होते, म्हणून तिनं ओढणी पसरली.