कठड्याजवळचे टेबल

मी एक जुने टेबल आहे, आणि जुने असल्याबद्दल मी कुणाचीही क्षमा मागणार नाही. मित्रांनो, पाण्याकाठच्या एका हॉटेलच्या सज्जावर, लाकडी कठड्याला खेटून मी उभे आहे. भरतीच्या वेळी पाणी खालच्या खांबांना धडका देते. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यावर सांजप्रकाशाचे तुकडे एकेक करून विझतात. इतकी वर्षे पाहूनही या विझण्याची मला सवय झालेली नाही.

माझा जन्म एका चुकीतून झाला. मोडीत निघालेल्या फेरीबोटीच्या फळ्या सुताराने इथेच, सज्जावर बसून रंधा मारून जोडल्या. माप घेताना त्याने पाण्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले नाही. त्यामुळे काम पुरे झाले तेव्हा मी दारातून आत जाईना. मला आडवे धरून पाहिले, उभे धरून पाहिले. हॉटेलच्या मालकिणीने कपाळावर हात मारला. "अहो मिस्त्री, टेबल केलंत की बंदराचा धक्का?"

"टेबल बरोबर आहे, ताई. तुमचं दार लहान आहे," सुतार म्हणाला आणि हत्यारे गोळा करू लागला.

तो ताठा मला त्याच्याकडूनच मिळाला असावा. मी बाहेरच राहिले. खाऱ्या वाऱ्याने माझे पॉलिश खाल्ले, तव्यांनी चटके दिले, पोरांनी माझ्या पोटाखाली च्युइंगम चिकटवले. एके काळी लोक माझ्यासाठी ताटकळत. पुढे मालकीण थकली, कारभार भाच्याकडे आला आणि सज्जावर काचेची गोल टेबले आली. एकाच दांड्यावर उभी असलेली, नाजूक, जणू कुणाचेही ओझे न वाहण्यासाठीच जन्मलेली. भाचा मला 'रणगाडा' म्हणू लागला. मला काढून टाकायचे तर दारातून नेता येईना, म्हणून करवतीने माझे दोन तुकडे करायचे ठरले. त्यासाठी माझ्या मधोमध खडूची रेघही ओढून झाली.

त्याच संध्याकाळी ते दोघे आले.

दर वर्षी लग्नाच्या वाढदिवशी ते माझ्यापाशी जेवत. ती शाळेत कवायत शिकवत असे आणि तिचा आवाज शिट्टीसारखा होता. तो जुन्या सामानाच्या लिलावात बोली पुकारणारा. त्याची जीभ इतकी चपळ की ऐकणाऱ्याला धाप लागावी. "मला मागणीसुद्धा एक वार, दोन वार करूनच घातली होती यांनी," ती वाढप्यांना सांगे. त्यांचा एक नेम होता. सूप येण्याआधी दोघांनी एकेक तक्रार करायची, समोरच्याने उलट उत्तर द्यायचे नाही, आणि मग जेवण संपेपर्यंत कुरकुर बंद.

यंदा तो चाकांच्या खुर्चीत होता. अर्धांगाच्या झटक्याने त्याचा उजवा हात थरथरत ठेवला होता आणि जिभेचा वेग काढून घेतला होता. ती खुर्ची काचेच्या टेबलाखाली शिरेना, गुडघे दांड्यावर आपटले. माझ्याखाली मात्र ती अलगद शिरली.

भाचा लगबगीने आला. "काकू, आत मस्त कोपरा ठेवलाय तुमच्यासाठी. काकांना वारा नको लागायला."

"काकांना वारा सोसतो. तुम्हाला काका सोसत नाहीत, तेवढं सांगा."

"तसं नाही हो. पण हात असा हलतो, सांडलं बिंडलं तर... बाकीची माणसं बघतात."

"बघू देत! यांना आत बसायचं नाहीये. यांना काय हवं ते मला विचारा, मी सांगते." मग भाचा तिथेच उभा असतानाही ती नवऱ्याकडे वळली. "चला, तक्रारी उरकू. माझी ही, की दवाखान्यातून आल्यापासून तुम्ही सगळ्यांना हसून दाखवता. कधी माझ्यापाशी रडत नाही."

मग त्याचे ओठ हलले. "तू..."

"मी काय? घोरते?"

त्याने मान हलवली. "तू... माझं..."

"तुमचं काय? औषध राहिलं का?"

त्याने डावा तळवा माझ्यावर ठेवला. लाकडाच्या आतपर्यंत मला तो जाणवला. "तू माझं... वाक्य... पुरं करतेस."

तिचे तोंड उघडले आणि तसेच मिटले. नेम नेम होता. तिने पाण्याकडे मान फिरवली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिने ते पुसले नाहीत.

"मग काकू, आत बसताय ना?" भाच्याने विचारले.

तिने फक्त हनुवटीने नवऱ्याकडे खूण केली. भाच्याला वळावेच लागले.

"आम्ही..."

"हो काका, आतच..."

तळवा वर उठला. भाचा थांबला. खाली पाणी खांबांवर आपटत राहिले.

"आम्ही... इथं... जेवणार. पुढच्या... वर्षी... पण."

"पुढच्या वर्षी हे टेबल नसेल, काका. उद्या कापायचंय."

"दुसरीकडे... माझी खुर्ची... शिरत नाही." श्वास. "हे... ठेवा."

भाच्याने सवयीने तिच्याकडे पाहिले. ती मन लावून पाव मोडत होती.

"बरं, ठेवतो," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," तो म्हणाला.

"ठेवतो, काका!"

मग सूप आले. चमचा हिंदकळला, सूप माझ्यावर सांडलेही. त्याने ओशाळून पाहिले नाही, आणि तिने फडके उचलले नाही. त्या ओलाव्याचा मला जो अभिमान वाटला, तो कुठल्याही पॉलिशचा वाटला नव्हता.

मित्रांनो, मला पुसून जपून ठेवा अशी विनवणी मी करणार नाही. माझ्यावर खुशाल कोपरे टेका, खुशाल सांडा. माझी मागणी निराळी आहे. कुणी सावकाश बोलत असेल, तर त्याच्या वाक्यापुढे धावू नका. तिथेच उभे राहा. त्याचे सूप निवले तर निवू द्या. त्या संध्याकाळी ते पार गार झाले होते, आणि त्याने ते शेवटच्या चमच्यापर्यंत स्वतःच्या हाताने संपवले.