नकाशातली लाल रेघ

गोरेगावच्या स्टँडवर तीन-चार जिपा उभ्या असल्या तरी माणसं आधी अजीजच्या जीपकडं वळायची. तीस वर्षं तो गोरेगाव-हिंगोली करत होता आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं काहीतरी मत होतं. लग्नाची पत्रिका मोबाइलवर पाठवणाऱ्याच्या घरी जेवायला जाऊ नये. ज्या पोराला पंक्चर काढता येत नाही त्याच्या हातात गाडीची चावी देऊ नये.

"गाडी कानानं चालवायची असती," तो म्हणायचा. "इंजिन काय बोलून राहिलं ते ऐकू आलं पायजे. आताची पोरं कानात बोंडं घालून चालवतेत."

मोबाइलमधल्या नकाशावर त्याचा विशेष राग. "त्यात बोलणाऱ्या बाईनं गोरेगाव पाहिलं का कधी? कुठं म्हशी बसतेत, कुठं खडी पसरली, तिला काय ठाऊक?"

सगळी जीप हसायची. सगळ्यात मोठ्यानं हसायचा जळबा. जळबा जिल्हा परिषदेच्या शाळेत सेवक होता, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. काम असो वा नसो, आठवड्यातून दोनदा तो अजीजच्या शेजारी बसून हिंगोलीला जायचा आणि वाटभर त्याच्याशी भांडायचा. त्याची मुलगी प्रतिक्षा गावात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवायची. तिचं नाव निघालं की अजीज म्हणायचा, "पोरगी हुशार हाय, फक्त डोळे त्या काचेत घालून बसती."

एप्रिलमधली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास जळबाच्या छातीत कळ आली. घाम फुटला, डावा हात जड पडला. प्रतिक्षानं ॲम्ब्युलन्सला फोन केला. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली, यायला पाऊण तास लागेल म्हणाले. ती धावत स्टँडवर आली. अजीजच्या जीपमध्ये सहा माणसं बसली होती. त्यानं सगळ्यांना उतरवलं आणि गाडी थेट जळबाच्या दारात नेली.

मागच्या सीटवर जळबाला आडवं केलं. त्याचं डोकं बायकोच्या, केशरबाईच्या मांडीवर. प्रतिक्षा पुढं बसली. अजीजनं गाडी अशी काढली की एक गचका जळबाला बसू दिला नाही.

दहा-बारा किलोमीटरवर फाटा आला. तिथून डावीकडचा रस्ता माळावरून फिरून हिंगोलीला जातो. अरुंद आहे, सात-आठ किलोमीटर लांब पडतो. प्रतिक्षा मोबाइलकडं बघत होती.

"चाचा, डावीकडून घ्या. पुढं पुलापाशी लाल दाखवून राहिलं. गाड्या अडकल्यात."

"काही न्हाई अडकलं. सकाळीच आलो मी तिथून."

"आताचं दाखवतं ते, चाचा. सकाळचं न्हाई."

"बेटा, ह्या टायमाला त्या माळाच्या रस्त्यानं नेलं तर हाडं खिळखिळी होतील त्याची. तीस वर्षं चालवून राहिलो. तू बापाकडं बघ."

मागून केशरबाई ओरडली, "पोरी, गप बस ना! चाचाला रस्ता शिकवती का तू?"

प्रतिक्षानं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. जीप सरळ गेली.

पुलाच्या अलीकडं हळदीची पोती भरलेला ट्रक आडवा झाला होता. रस्ताभर पोती, फुटलेल्या पोत्यांतून पडलेली हळकुंडं आणि दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग. अजीजनं लगेच मागं घ्यायला आरशात पाहिलं. मागं बस येऊन टेकली होती, बसच्या मागं ट्रॅक्टर. तो खाली उतरून बसवाल्याच्या हातापाया पडला. बसवाला तरी काय करणार, त्याच्याही मागं गाड्या होत्या.

चार माणसांनी उचलून जळबाला पुलापलीकडं नेलं. तिथून एका मोटारवाल्यानं घेतलं. तोवर पस्तीस मिनिटं गेली होती. पुलावरून नेताना जळबाचे पाय अजीजच्या हातात होते. अर्ध्या पुलात ते पाय एकदम वेगळेच जड लागले, तरी तो चालत राहिला.

दवाखान्यात डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, "उशीर झाला." एवढंच.

गावात कुणी अजीजला बोल लावला नाही. उलट लोक म्हणाले, बिचाऱ्यानं भरलेली गाडी रिकामी करून नेलं, भावासारखा धावला. चहाच्या टपरीवर हे ऐकलं की अजीज उठून जायचा. प्रतिक्षा कधीतरी कुणाला तरी सांगेल, याची तो वाट पाहत होता. तिनं कुणालाच सांगितलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो जळबाच्या घरी गेला. वंदना झाली, भंतेजी बोलले, माणसं जेवून पांगली. जवळचे चार नातेवाईक उरले तेव्हा अजीज मंडपात उभा राहिला.

"भाभी, मला बोलायचं हाय. पोरीनं बराबर सांगितलं होतं. माळाचा रस्ता मोकळा होता. म्या तिचं ऐकलं न्हाई. माझ्यामुळं गेला जळबा."

केशरबाई भिंतीला टेकून बसली होती. ती त्याच्याकडं न पाहता म्हणाली, "मी बी होते गाडीत, अजीजभाई. पोरीला गप म्याच केलं."

"भाभी, तुमचं काय त्यात..."

"रोज रात्री ऐकू येतं मला. माझाच आवाज." ती उठली, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

अजीज चप्पल घालत होता तेव्हा प्रतिक्षा बाहेर आली. तिचा आवाज शांत होता.

"काहून सांगितलं तुमी, चाचा?"

"मला सहन होईना, बेटा."

"मला होत होतं का? तुमचं नाव काढलं असतं तर आईचं बी निघालं असतं, म्हणून गप होते मी. तिला वाटत होतं, तिनं गप केलेलं मला आठवत न्हाई. आता चार लोकांत बोलून गेली ती. तुमचं मन हलकं झालं. तिचं काय करू मी?"

तो तसाच निघाला.

त्यानंतर जीप चालू राहिली, अजीजचं बोलणं मात्र थांबलं. सुरुवातीला कुणी कुणी मुद्दाम छेडायचं, "चाचा, ह्या नव्या बॅटरीच्या गाड्यांचं तुमचं काय म्हणणं?" तो समोर बघत राहायचा. मग विचारणं बंद झालं.

जूनमध्ये प्रतिक्षा एका सकाळी स्टँडवर आली. बापाच्या पेन्शनचे कागद घेऊन तिला हिंगोलीला जायचं होतं. नंबर अजीजच्या जीपचा होता आणि पुढची सीट रिकामी होती. अजीजनं सीटवर फडकं मारलं. प्रतिक्षा क्षणभर थांबली, तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि मागच्या जीपमध्ये जाऊन बसली.

अजीजनं फडकं झटकलं आणि रस्त्याकडं तोंड करून आवाज दिला, "हिंगोली, हिंगोली."