मार्केलची हजामत

मार्केलला पोलिसांनी रस्त्यात गोळी घातली, त्याला रविवारी वर्ष होणार होते. त्याच दिवशी, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराच्या उत्तर भागातल्या आमच्या चर्चच्या सभागृहात मी रंगवत असलेले त्याचे चित्र लागायचे होते आणि त्याची आई, मिस लॉरेटा, ते प्रथमच पाहणार होत्या. मी त्याला जुन्या युरोपीय राजपुत्रासारखे उभे केले होते: एक हात कमरेवर, मागे मखमली पडदा, रोजच्या राखाडी जॅकेटवर जाळीदार पांढरी कॉलर. संग्रहालयातल्या तसल्या चित्रांत आमच्यासारखी काळी माणसे कोपऱ्यात तबक धरून उभी असतात. लहानपणापासून मी ती मुकाट्याने पाहत आलो होतो. पण माझा राजपुत्र मलाच परका वाटत होता. आईने त्याला ओळखलेच नाही तर, या भीतीने माझा हात चालेना.

शुक्रवारी आमच्या गल्लीतले न्हावी, मिस्टर अर्लिस, चित्र पाहायला आले. मार्केलची पहिली हजामत त्यांनीच केली होती. शवपेटीत ठेवण्यापूर्वीची शेवटचीही.

"कपडे झकास," ते म्हणाले. "पण हे डोकं कुठनं आणलंस रे?"

"वर्तमानपत्रातल्या फोटोवरून," मी पुटपुटलो.

"म्हणजे पोलिसांनी दिलेला! तीन आठवडे माझ्या खुर्चीत न बसलेलं डोकं. आणि सावलीत नुसता काळा फासलायस. पोरगा होता की कोळसा?"

मी कुंचला खाली ठेवला.

"तोंड नको पाडू. कुंचला घे. डावीकडे भोवरा होता त्याला. आणि कपाळावरची केसांची रेघ पट्टीनं आखल्यासारखी हवी. माझ्या हाताखालून कुणी असं बाहेर पडत नाही."

दुपारभर त्यांचे बोट हवेत फिरत राहिले आणि त्यामागून माझा कुंचला. काळा पुसून मी तिथे गेरू, जांभळा आणि खोल निळा भरला. कानाशी वळणारी रेघ जुळली, तेव्हा राजपुत्राचा मार्केल झाला.

रविवारी चित्रावरचा पडदा सरला. मिस लॉरेटांनी आपली जांभळी हॅट सावरली आणि त्या चित्राच्या अगदी जवळ गेल्या. त्यांची नजर मखमलीवर थांबली नाही, कॉलरवरही नाही.

"हजामत कुणी केली याची?"

मागच्या बाकावरून मिस्टर अर्लिस उठले. "मीच, लॉरेटा. दुसऱ्या कुणाला हात लावू देईन का?"

त्या वळल्या नाहीत. चित्रातल्या मुलासारखाच त्यांनी एक हात कमरेवर ठेवला आणि साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघा. हा माझा मुलगा."