चोचीतला खंड्या, पाण्यातला खंड्या

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे, घड्याळजी डोळ्याला लावतात तसले. काळी आखूड नळी आणि तिच्या तोंडाशी काच, एवढाच माझा देह. भायखळ्याच्या एका कारागिराने मला घासूनपुसून घडवले आणि अव्नेर पेणकर या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, तरुणाने विकत घेतले. पुढे तो बायकोमुलांसह इस्राएलला आला, तेव्हा मीही त्याच्या खिशातून आले.

तिथल्या लोद गावात त्याने घड्याळदुरुस्तीचे दुकान मांडले. तीस वर्षे मी त्याला नखाएवढ्या चाकांचे दात दाखवले. "पेणकरांच्या हातून गेलेलं घड्याळ दुरुस्तीला परत येत नाही," असे लोक म्हणत आणि मी मनातल्या मनात फुगत असे. मग सेलवर चालणारी स्वस्त घड्याळे आली. दुकान बंद झाले. मी खणात पडले, बटणे आणि बिनकामाच्या किल्ल्यांच्या संगतीत.

१९९७ च्या हिवाळ्यात एके दुपारी तो खण उघडला. आता अव्नेर आजोबा झाला होता. त्याची नात हदास यरुशलेमच्या एका निसर्ग-मासिकात काम करत होती आणि मासिकाच्या स्पर्धेतला एक फोटो घेऊन आली होती. फोटोत तळ्याकाठी एक भला थोरला पेलिकन चोच उघडून उभा होता आणि त्या चोचीत एक काळापांढरा खंड्या पंख पसरून उतरत होता. खाली लिहिले होते, 'पाहुणा'.

"सब्बा, हे बनावट आहे," हदास आजोबाला म्हणाली. "पाण्यातलं प्रतिबिंब बघ. तिथे चोच रिकामी आहे. खंड्या नंतर चिकटवलाय, पण पाण्यात चिकटवायला विसरलेत. संपादक म्हणतात, या बाईला कायमचं बाद करायचं."

"कोण आहे ही बाई?"

"निली. अश्दोदला बस चालवते."

"घाई कशाला करतेस? ओरिजिनल मागव. कापलं असेल तर जॉइंट दिसेल."

दोन दिवसांनी निली स्वतःच मूळ स्लाइड, म्हणजे फोटोची पारदर्शक फिल्म, घेऊन आली. पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. तिचे आईवडीलही मुंबईचेच होते. "अंकल, तीन वर्षं सुटीच्या दिवशी मी त्या माशांच्या तळ्यावर जाते," ती म्हणाली. "मला बक्षीस नको. पण खोटारडी म्हणू नका. माझ्या बसमध्ये रोज तीच माणसं बसतात, त्यांना तोंड कसं दाखवू?"

अव्नेरने मला मऊ फडक्याने पुसले. मग डोळ्याला लावले. स्लाइड खिडकीच्या उजेडात धरून आम्ही दोघांनी ती इंच इंच पाहिली. पिसाच्या कडेला कापल्याची रेघ नव्हती. फिल्मचे बारीक कण सगळीकडे सारखे होते. मग पाण्यात, रिकाम्या चोचीच्या थोडे वर, तरंगांमध्ये मला तांदळाएवढा काळापांढरा ठिपका दिसला. त्याला दोन पंख होते.

"हदास, न्हाणीघरातला आरसा काढून आण," अव्नेर म्हणाला.

आरसा टेबलावर आडवा ठेवला. हे झाले तळे. अलीकडे अव्नेरने आरशापासून थोडा वर धरलेला चहाचा कप, तो पेलिकन. पलीकडे निलीने पेन्सिल आडवी धरली. तिच्या टोकाचा खोडरबर म्हणजे खंड्या. अव्नेरने हदासला समोर खुर्चीत बसवले आणि निलीला पेन्सिल हळूहळू खाली आणायला लावली.

"थांबा," हदास म्हणाली. "आता खोडरबर कपात आहे." मग तिने आरशात पाहिले. "आरशात तो कपाबाहेर आहे, सब्बा."

"कारण तो कपात नाहीच. मागे आहे. डोळ्याला जे अंतर कळलं नाही, ते पाण्याला कळलं."

हदासचा चेहरा उजळला, पण निलीचा पडला. "म्हणजे खंड्या चोचीत उतरलाच नव्हता? मला तर तसंच दिसलं. मग नाव मीच खोटं दिलं की."

"खोटं नाही, चुकीचं," अव्नेर म्हणाला. "चूक दुरुस्त होते. तीस वर्षं माझं पोट त्याच्यावरच चाललं."

निली खो खो हसली. तिने तिथेच पेन मागून 'पाहुणा' खोडले आणि लिहिले, 'पेलिकन, आणि त्याच्या मागून जाणारा खंड्या'. पहिले बक्षीस दुसऱ्याच कुणाच्या घुबडाला मिळाले. पण निलीचा फोटो पानभर छापला गेला, खाली एका ओळीसह: 'आता पाण्यात बघा.' मुलांची पत्रे आठवडाभर येत राहिली. हदासने निलीला फोन करून माफी मागितली, तेव्हा निलीने तिला आजोबांसकट तळ्यावर बोलावले. तिथे मला काहीच दिसले नाही. लांबचे मला दिसत नाही, शिवाय मी खिशात होते. तिघांचे हसणे मात्र ऐकू आले.

तेव्हा मित्रांनो, एखादी नवलाची गोष्ट पाहिली की लगेच खरी मानू नका आणि लगेच खोटीही म्हणू नका. मूळ वस्तू मागा, उजेडात धरा, दोनदा पाहा. कुणाचे नाव बाद करायला क्षण पुरतो. नीट पाहायला मात्र एक दुपार लागते, ती खुशाल लागू द्या. आणि घरातले भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. काचेवर ओरखडे पडतात.