एका पंख्याचं कार्ड

मित्रांनो, मला म्हातारा म्हणायला फार वर्षं मोजावी लागत नाहीत. सात वर्षांचं पोर दुसरीत असतं. मी सातव्या वर्षीच जुनाट ठरलो. मी एक ग्राफिक्स कार्ड. कॉम्प्युटरच्या पोटात बसून पडद्यावरची चित्रं काढणं हा माझा धंदा. तुम्ही गेम खेळता तेव्हा पळणारी गाडी, उडणारी धूळ, मागून येणारा शत्रू, हे सगळं मी एका सेकंदात साठ-साठ वेळा नव्यानं काढतो. तुम्हाला वाटतं, ते आपोआप चाललंय. शाबासकी मात्र तुमच्या बोटांना मिळते. असू द्या.

दूर देशीच्या कारखान्यात माझ्याबरोबर माझा एक जुळा भाऊ तयार झाला. चिप तीच, मेमरी तेवढीच. फरक इतकाच की त्याला दोन पंखे होते, मला एक. त्याच्या खोक्यावर आग ओकणारा वाघ छापला होता, माझ्या खोक्यावर नुसते निळे पट्टे. दोघेही आलो ते लातुरात, गुरुलिंग नावाच्या माणसाच्या दुकानात. काचेच्या कपाटातून आम्हाला रस्ता दिसायचा. पाठीवर दप्तर घेतलेल्या पोरांचे थवे एका क्लासमधून दुसऱ्या क्लासकडे जायचे. समोरच्या भिंतीवर गुणवंतांचे फोटो होते आणि प्रत्येक फोटोखाली आकडा. त्या गावात माणसाचं नाव नंतर विचारत, गुण आधी.

एके दिवशी देविदास आला. क्लासच्या पोरांना डबे पुरवणारी त्याची खाणावळ होती. बरोबर त्याची मुलगी राजकन्या, नांदेडला रेल्वे ऑफिसात नोकरी करणारी बहीण लता, आणि लताचा मुलगा अनय. राजकन्या आणि अनय दोघंही अठरा वर्षांची. पाच महिन्यांनी नांदेडच्या एका कॉलेजात गेमची जोडीनं खेळायची स्पर्धा होती. दोघांनी जोडी ठरवली होती. सराव आपापल्या घरून, इंटरनेटवरून. त्यासाठी दोन कार्डं हवी होती.

"या दोन्हीत फरक काय हाय, तेवढं सांगा," देविदास म्हणाला.

"काका, खरं सांगू का? काम एकच," गुरुलिंग म्हणाला. "दोन पंख्याचं जरा थंड राहतंय. चित्रात फरक तुम्ही भिंग लावून बघितला तरी दिसायचा नाही."

"मग जास्तीचे पैसे कशाचे?"

"एका पंख्याचे, अन् वाघाचे."

"मला वाघवालंच पाहिजे," अनय घाईनं म्हणाला. लताताईंनी पर्स उघडली.

"आपल्याला वाघ नको," देविदासनं मला उचललं. "आपण पंखा घेऊ."

गुरुलिंगनं मला त्यांनी बरोबर आणलेल्या राजकन्याच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं, दुकानातल्या पडद्याची वायर माझ्या पाठीला लावली आणि दहा मिनिटं चालवून दाखवलं. मित्रांनो, ती दहा मिनिटं मी पुढे फार दिवस आठवत बसलो.

आता त्या घराचे दोन रिवाज सांगायला हवेत. पहिला देविदासच्या आईचा, सरस्वतीबाईंचा. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं दगडामातीचं घर बसलं, आणि फळीवरचे हंडे अंगावर येऊन त्यांची धाकटी जाऊ गेली. तेव्हापासून त्यांच्या घरात जड वस्तू गुडघ्याच्या वर ठेवायची नाही, आणि जी उभी राहते ती बांधून ठेवायची. कपाट भिंतीला तारेनं बांधलेलं. फ्रिज साखळीनं. कॉम्प्युटरचं खोकं जमिनीवर, पाठ भिंतीला टेकवून, नायलॉनच्या दोरीनं खिडकीच्या गजाला आवळलेलं. गाठ फक्त आजीच सोडणार. त्यामुळे खोक्याची पाठ कुणाच्याच दृष्टीस पडत नसे.

दुसरा रिवाज देविदासचा. शेकडो डबे रोज जायचे आणि परत यायचे. कुणाचा डबा कुणाला जाऊ नये म्हणून त्यानं प्रत्येकावर रंगाचा ठिपका दिला होता. त्याच हातानं त्यानं कॉम्प्युटरच्या वायरीही रंगवल्या होत्या. लाल वायर लाल भोकात, पिवळी पिवळ्यात. दुकानातून घरी आल्यावर त्यानं पडद्याची लाल ठिपक्याची वायर घेतली आणि इमानदारीनं लाल ठिपक्याच्या भोकात खोचली. ते भोक जुनं होतं, कॉम्प्युटरच्या मूळ बोर्डावरचं. माझं भोक नवं, बिनठिपक्याचं. ते मोकळंच राहिलं.

झालं! बोर्डात चित्र काढायची थोडीशी सोय असते, भाजी नसली की चटणीवर भागवावं तशी. गेम चालायचा तो त्या चटणीवर. मी आत जागा होतो, पंखा फिरत होता, पण काम कुणी सांगत नव्हतं. बाहेर काय बिघडलंय हे आतून मला दिसतही नव्हतं. नुसतं ऐकू यायचं.

दुपारी जेवणाच्या पंगती उठल्या की राजकन्याला एक तास मिळायचा. फोन मोठ्या आवाजात ठेवून ती खेळायची.

"राजू, झोपलीस का? मागून आला तो!" नांदेडहून अनय ओरडायचा.

"मी वळून राहिले रे, पडदाच हालत न्हाई!"

"रोज काय पडदा! कार्ड तेच, गेम तोच. मग फरक कुणात आहे?"

 गंमत बघा, ती जायची त्या क्लासमध्येही तिला हाच हिशेब ऐकवला जात होता. सर तेच, नोट्स त्याच, मग फरक कुणात? तिथं गुणांवरून बॅच लावत, हुशारांची पहिली; त्या पाच महिन्यांत ती दुसऱ्या बॅचमधून पाचव्या बॅचमध्ये गेली. दोन सारख्या वस्तू शेजारी ठेवल्या की दोष माणसावर टाकणं किती सोपं होतं, हे मी त्या घरात शिकलो.

एकदा डबे पुसता पुसता तिनं विचारलं, "आज्जे, मी मंद हाय का गं?"

"कोण म्हणलं?"

"समदेच. आता मला बी वाटायलंय."

 सरस्वतीबाईंनी हातातला डबा दोनदा पुसलेला मला ऐकू आला.

स्पर्धा रविवारी होती. शुक्रवारी दुपारी लताताई आणि अनय लातूरला आले. अनयनं माझ्या भावाला टॉवेलात गुंडाळून आणलं होतं.

"हे तुझ्या मशीनमध्ये लावू," तो म्हणाला. "नीट चाललं तर तुझं कार्ड भंगार. नाही चाललं तर..." पुढचं त्यानं गिळलं. "माझा मित्र श्रीमंत तयार आहे माझ्याबरोबर खेळायला. कॉलेजातला. तुला राग नको यायला."

"राग कशाचा?" राजकन्या म्हणाली. आणि तिनं आजीला गाठ सोडायला बोलावलं.

आजीनं गाठ सोडली. मला काढून फरशीवर, टॉवेलावर ठेवलं आणि माझ्या जागी भाऊ बसला. देविदासनं वायरी लावल्या. लाल ती लालमध्ये. आणि मित्रांनो, मी पहिल्यांदाच ते खोकं मागून बघितलं! भावाच्या पाठीचं भोक मोकळं होतं. पाच महिने माझंही असंच मोकळं होतं तर! मला सगळं कळलं. पण कार्डाला तोंड कुठं असतं? फरशीवर पडून ओरडायची सोय नव्हती.

गेम सुरू झाला. दोन पंखे, वाघाची ऐट, आणि तरी चित्र अडखळत होतं. अनयनं माऊस हिसकावून घेतला. पाच मिनिटांत तो तीनदा मेला.

"कसं वाटलं?" राजकन्यानं विचारलं.

अनय ओशाळला, पण हार मानायला तयार नव्हता. "मग मशीनच गेलंय तुमचं. परवापर्यंत नवं कुठून आणणार? जाऊ दे राजू. श्रीमंतला फोन करतो." त्यानं खिशातून मोबाईल काढला.

सरस्वतीबाई दोरी घेऊन पुन्हा गाठ मारायला बसल्या होत्या. खोक्याचं झाकण उघडंच होतं. त्यांनी आत हात घातला आणि माझ्या भावाच्या अंगावर ठेवला.

"आज्जी, शॉक बसेल!" अनय ओरडला.

"गप रे. मघापासून खेळून राहिले तुम्ही, अन् हे गार कसं?" त्या म्हणाल्या. "इतक्या वेळात चुलीवरचं भांडं हाताला गार लागलं, तर खाली जाळच न्हाई म्हणायचं."

राजकन्या उठता उठता थांबली. तिनं मोबाईलचा दिवा लावला, फरशीवर पालथी झाली आणि पडद्यापासून ती लाल ठिपक्याची वायर बोटानं चाचपत मागेपर्यंत गेली.

"बाबा, ही वायर कुठं लावली तुम्ही?"

"लालला लाल. आपल्याकडं डबा चुकतो का कधी?"

"डबा जुन्या खोलीवर बरोबर गेला, बाबा. पण पोरगं कधीचं दुसऱ्या खोलीत ऱ्हायला गेलंय."

तिनं वायर उपसली आणि शेजारच्या बिनठिपक्याच्या भोकात लावली. पडदा क्षणभर काळा झाला. मग जे चित्र आलं ते गुळगुळीत, पाण्यासारखं! देविदास डोक्याला हात लावून खालीच बसला. लताताईंना हसू आवरेना.

मग राजकन्यानं हट्ट धरला की आता माझं कार्ड लावा. मला परत बसवलं, योग्य वायर लावली, आणि मी जीव तोडून चित्रं काढली. भावात आणि माझ्यात फरक होता, नाही असं नाही. मी थोडा जास्त तापलो, थोडा जास्त गुणगुणलो. चित्र तेच. वाघाशिवाय माझं काही अडलं नाही.

ती खेळत होती आणि अनय मागे उभा होता. 

"राजू, म्हणजे पाच महिने तू कार्डाशिवाय खेळत होतीस?"

"हाव."

"आणि तरी माझ्या दोनच पावलं मागं होतीस?"

तिनं पडद्यावरची नजर हलवली नाही. "श्रीमंतला फोन करणार होतास ना?"

अनयनं मोबाईल खिशात घातला. "जोडी भरली म्हणून सांगतो. रविवारी पुढं तू जा. मी मागून येतो."

रविवारी ती दोघं तिसऱ्या फेरीत हरली. मोठी गोष्ट घडली ती सोमवारी. राजकन्या क्लासच्या ऑफिसात गेली आणि म्हणाली, "सर, मला बॅच बदलून नको. माझे पेपर दाखवा. मी कुठं अडकते, ते मला स्वतः बघायचंय." पेपर निघाले. तिनं सोडवलेलं बहुतेक बरोबर होतं. पण ती प्रश्न ओळीनं सोडवत बसायची, आणि तिला चांगलं येणारं जीवशास्त्र शेवटी असल्यानं वेळेअभावी कोरं राहायचं. पुढच्या परीक्षेत तिनं शेवटाकडून सुरुवात केली. त्या महिन्यात ती चौथ्या बॅचमध्ये आली. भिंतीवर फोटो लागण्याइतकं ते नव्हतं. पण आपण मंद आहोत का, हे तिनं पुन्हा कुणाला विचारलं नाही.

मित्रांनो, मी आता थकलोय. नवे गेम मला झेपत नाहीत. महिन्यातून एकदा झाकण काढून हलक्या ब्रशनं माझी धूळ झाडा, एवढं केलंत तरी मी अजून दोन वर्षं तुमची चित्रं काढीन. आणि शेजारचं पोर मागे पडलं, तर त्याच्यावर शिक्का मारण्याआधी थोडे कष्ट घ्या. फरशीवर पालथं पडायला लागलं तरी पडा. त्याच्यापर्यंत काम पोचतंय का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कारण काम न मिळालेला मी पाच महिने आत बसून होतो, आणि मलाही वाटू लागलं होतं की मी बिघडलोच आहे.